निवास व न्याहारी

निवास व न्याहारी ही प्रवाशांच्या मुक्कामाची एक पद्धत आहे. तिच्यात एखादे कुटुंब राहत्या घरातील एक किंवा काही खोल्या ठरावीक भाड्याने पाहुण्यांना देते आणि त्या भाड्यातच सकाळची न्याहारीही देते. इंग्रजीतील 'बेड अँड ब्रेकफास्ट' या संज्ञेचा हा मराठी प्रतिशब्द असून महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या याच नावाच्या योजनेमुळे तो रूढ झाला. बोलण्यात 'होमस्टे', 'घरगुती निवास' किंवा 'घरगुती राहण्याची सोय' असेही शब्द वापरले जातात. यजमान कुटुंब त्याच घरात राहत असणे हे या पद्धतीचे मुख्य लक्षण होय. हॉटेल, लॉज, धर्मशाळा आणि भक्तनिवास यांच्यापासून ती याच लक्षणामुळे वेगळी ठरते.

महाराष्ट्रात ही पद्धत प्रथम कोकण किनारा व थंड हवेची ठिकाणे येथे फोफावली. वऱ्हाडासारख्या भागात, जेथे समुद्र नाही आणि एक-दोन अपवाद वगळता प्रसिद्ध पर्यटनस्थळेही नाहीत, तेथे तिचा आधार स्थानिक जीवन हाच असतो. शेतीचा हंगाम, बाजार, यात्रा, जेवणखाण आणि बोली यांचा त्यात समावेश होतो. शेंदूरजनाघाटसारख्या छोट्या शहराच्या संदर्भात या पद्धतीच्या शक्यता आणि अडचणी दोन्ही स्पष्टपणे दिसतात.

संज्ञा व व्याख्या

'न्याहारी' या शब्दाला ग्रामीण महाराष्ट्रात विशेष अर्थ आहे. सकाळी लवकर शेतावर गेलेल्या माणसासाठी घरून नेलेली भाकरी, चटणी, कांदा वा कालवण म्हणजे न्याहारी. शहरी 'नाश्ता' हा त्यामानाने हलका असतो. निवास व न्याहारी पद्धतीत या दोन्हींच्या मधले, घरात त्या दिवशी जे होते त्याच्या जवळचे खाणे अपेक्षित असते.

पुढील प्रकारांशी या पद्धतीची गल्लत होण्याची शक्यता असते :

• लॉज : येथे मालक तेथेच राहत असेल असे नाही. व्यवहार खोलीपुरता असतो.
• धर्मशाळा : दानातून उभारलेली, विनामूल्य किंवा नाममात्र दराची सोय.
• भक्तनिवास : देवस्थानाने भाविकांसाठी चालविलेले निवासस्थान. शेगाव येथील श्री गजानन महाराज संस्थानची भक्तनिवासे हे वऱ्हाडातील परिचित उदाहरण होय.
• कृषी पर्यटन केंद्र : शेतीचा अनुभव हा मुख्य उद्देश असलेले केंद्र. मुक्कामाची सोय असते किंवा नसतेही.
• खानावळ : जेवणाची सोय, मुक्काम नाही.

इतिहास

जगातील वाटचाल

घरातील खोली प्रवाशाला भाड्याने देण्याची प्रथा अनेक देशांत स्वतंत्रपणे वाढली. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात लँकशायरमधील गिरणी कामगार वार्षिक सुट्टीत ब्लॅकपूलसारख्या समुद्रकाठच्या गावी जात. तेथे घरमालकिणी त्यांना खोल्या देत. पुढे 'बेड अँड ब्रेकफास्ट' ही ब्रिटन व आयर्लंडमधील मध्यमवर्गीय प्रवासाची नेहमीची सोय झाली. अमेरिकेत १९३० च्या दशकातील महामंदीत अनेक कुटुंबांनी उत्पन्नासाठी घरातील खोल्या मोटारीने प्रवास करणाऱ्यांना देण्यास सुरुवात केली.

जपानमध्ये कुटुंबाने चालविलेल्या साध्या निवासाला 'मिन्शुकू' म्हणतात. इटलीने १९८५ मध्ये शेतघरातील पाहुणचारासाठी स्वतंत्र कायदा केला. शेतीचे उत्पन्न अपुरे पडत असताना शेतकऱ्याने जमीन सोडून जाऊ नये हा त्यामागील एक हेतू होता. क्यूबामध्ये १९९७ पासून खासगी घरांतील खोल्या परदेशी प्रवाशांना भाड्याने देण्यास रीतसर परवानगी मिळाली. २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झालेल्या 'एअरबीएनबी' या कंपनीच्या मूळ नावातच 'बेड अँड ब्रेकफास्ट' हे शब्द होते. अशा संकेतस्थळांमुळे लहान गावातील घरही दूरच्या प्रवाशाला सापडू लागले. मात्र यजमान ज्यात राहत नाही अशी घरेही त्याच यादीत येऊ लागल्याने मूळ संकल्पना पुष्कळ सैल झाली.

महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा

महाराष्ट्रात प्रवाशाच्या मुक्कामाचा प्रश्न दीर्घकाळ तीन मार्गांनी सुटत असे : नातेवाइकाचे किंवा ओळखीच्याचे घर, देवळाची ओसरी किंवा गावची चावडी, आणि धर्मशाळा. अहिल्याबाई होळकर यांनी भारतभरच्या तीर्थक्षेत्री घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या. तीर्थक्षेत्रांत क्षेत्रोपाध्यांच्या घरी यजमान कुटुंबांची उतरण्याची सोय असे. पंढरपुरात आषाढी-कार्तिकीच्या वारीत घरोघरी वारकरी उतरतात. राहत्या घरात परगावच्या माणसाला जागा देण्याची ही महाराष्ट्रातील एक जुनी व मोठी परंपरा आहे.

वऱ्हाडाच्या दृष्टीने गाडगे महाराजांचे कार्य या संदर्भात महत्त्वाचे ठरते. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. लोकवर्गणीतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी आदी ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील वारकऱ्यांना त्या काळी पंढरपुरात उतरायला जागा मिळत नसे. त्यांच्यासाठी उभारलेली चोखामेळा धर्मशाळा पुढे १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविण्यात आली. प्रवाशाला छप्पर मिळणे हा सोयीइतकाच सामाजिक न्यायाचाही प्रश्न होता, हे या इतिहासातून दिसते.

ब्रिटिश काळात १८५३ नंतर वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांसाठी डाक बंगले व विश्रामगृहे उभी राहिली. प्रवाशांच्या मुक्कामाच्या जागांची नोंदणी व देखरेख यांसाठी १८६७ मध्ये सराई अधिनियम करण्यात आला.

शासकीय योजना व नियम

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली. निवास व न्याहारी योजनेत स्थानिक रहिवासी आपल्या घरातील जादा खोल्या नोंदवू शकतो. अर्ज आल्यावर जागेची पाहणी होते व सोयी समाधानकारक असल्यास प्रमाणपत्र मिळते. गणपतीपुळे, तारकर्ली, गुहागर, दिवेआगर या किनाऱ्यावरील गावांत घरगुती निवासाची पद्धत विशेष रुजली.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची 'अतुल्य भारत निवास व न्याहारी' योजनाही याच धर्तीची आहे. तिच्यात कमीत कमी एक व जास्तीत जास्त सहा खोल्यांची मर्यादा असून मालकाचे कुटुंब त्याच वास्तूत राहत असणे आवश्यक आहे. सोयींनुसार 'सुवर्ण' व 'रजत' असे दोन वर्ग केले जातात. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या पार्श्वभूमीवर दिल्लीने २००७ मध्ये यासाठी कायदा केला. हिमाचल प्रदेशाने २००८ मध्ये ग्रामीण भागासाठी होमस्टे योजना आणली आणि अशा घरांना वीज व पाणी घरगुती दराने देण्याची सवलत ठेवली. दोन खोल्यांच्या व्यवसायाला व्यापारी दराचे वीजबिल परवडत नसल्याने ही सवलत महत्त्वाची ठरते.

शेतीशी जोडलेल्या मुक्कामासाठी महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. वैयक्तिक शेतकरी, कृषी सहकारी संस्था, कृषी विज्ञान केंद्रे, कृषी महाविद्यालये व विद्यापीठे यांना त्याखाली केंद्र नोंदविता येते. त्यापूर्वी २००५ मध्ये पांडुरंग तावरे यांच्या पुढाकाराने बारामती तालुक्यात कृषी पर्यटनाचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला होता. २०२३ मध्ये राज्याने 'आई' हे महिलाकेंद्रित पर्यटन धोरण स्वीकारले. त्यानुसार पर्यटन व्यवसायासाठी महिलांनी घेतलेल्या १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा ठरावीक मर्यादेत शासन देते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्जाची तरतूद जाहीर झाली.

या व्यवसायाला लागू होणाऱ्या काही सर्वसाधारण जबाबदाऱ्या अशा :

• प्रत्येक पाहुण्याचे ओळखपत्र पाहणे व नोंदवहीत नाव, पत्ता, येण्या-जाण्याची वेळ लिहिणे.
• परदेशी पाहुणा आल्यास २४ तासांच्या आत त्याची माहिती संबंधित नोंदणी अधिकाऱ्याला ऑनलाइन कळविणे.
• अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये खाद्यव्यवसायाची नोंदणी करणे.
• स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कर, बांधकाम व स्वच्छताविषयक नियमांचे पालन करणे.

कार्यपद्धती

खोली

पाहुण्यांच्या खोलीला शक्यतो स्वतंत्र दार आणि जोडलेले स्नानगृह असावे लागते. जुन्या वाड्यांत शौचालय परसात असते. त्यामुळे वाड्याचे रूप न बिघडवता त्याची सोय आत आणणे हा बहुधा सर्वांत मोठा खर्च ठरतो. स्वच्छ चादरी, मच्छरदाणी किंवा जाळीची खिडकी, पिण्याचे शुद्ध पाणी, दाराला आतून कडी आणि वीज गेल्यावर चालणारा दिवा या किमान गरजा होत. वऱ्हाडात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. त्यामुळे कूलर ही तेथे चैन नसून गरज असते.

घराच्या रचनेत कुटुंबाची व पाहुण्याची जागा स्पष्ट असणे उपयोगी पडते. पारंपरिक घरातील ओसरी व बैठक या जागा आल्यागेल्यासाठी होत्या, तर माजघर, देवघर व स्वयंपाकघर घरच्यांसाठी. ही जुनी विभागणी निवास व न्याहारीलाही चांगली लागू पडते. ओसरीवर गप्पा व न्याहारी, तर माजघरापलीकडे कुटुंबाचा खासगीपणा.

न्याहारी व जेवण

नियमाप्रमाणे भाड्यात न्याहारी असते. दुपारचे व रात्रीचे जेवण आगाऊ सांगितल्यास वेगळ्या दराने दिले जाते. लहान गावात संध्याकाळी उशिरा जेवण मिळण्याची दुसरी सोय नसल्याने पाहुण्याला रात्रीच्या जेवणाचे आधी विचारून ठेवणे ही व्यवहारातील महत्त्वाची गोष्ट ठरते. पाहुणा शाकाहारी आहे का, उपवास आहे का, तिखट किती चालते, हे प्रश्नही याच वेळी विचारले जातात. वऱ्हाडी तिखटाची सवय नसलेल्यांसाठी शेवटचा प्रश्न विशेष आवश्यक आहे.

दर व आरक्षण

दर आधी सांगितलेला, लिहिलेला आणि सर्वांना सारखा असणे हे विश्वासाचे मूळ मानले जाते. आरक्षण दूरध्वनीवर, ओळखीतून किंवा संकेतस्थळांमार्फत होते. संकेतस्थळे प्रत्येक आरक्षणावर शुल्क घेतात, पण पहिला पाहुणा बहुधा तेथूनच येतो. पुढचे पाहुणे आधीच्या पाहुण्यांच्या सांगण्यावरून येऊ लागले म्हणजे घर स्थिरावले असे समजले जाते.

वऱ्हाडातील स्वरूप

अमरावती जिल्ह्यात रूढ अर्थाने पर्यटनस्थळ म्हणावे असे मुख्य ठिकाण म्हणजे सातपुड्यातील चिखलदरा. हे विदर्भातील थंड हवेचे ठिकाण असून तेथे कॉफीची लागवडही आहे. त्याला लागून मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे. देशात १९७३-७४ मध्ये घोषित झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी तो एक होय. चिखलदऱ्याला प्रवासी स्वतःहून येतो. मैदानी भागातील गावांत तो मुद्दाम यावा लागतो, आणि त्यासाठी गावात पाहण्या-अनुभवण्यासारखे काय आहे हे यजमानालाच ओळखावे लागते.

शेंदूरजनाघाट

शेंदूरजनाघाट हे वरुड तालुक्यातील नगर परिषद असलेले छोटे शहर सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ वसले आहे. वरुड व मोर्शी हे तालुके नागपुरी संत्र्याच्या लागवडीसाठी प्रसिद्ध असून या पट्ट्याला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हटले जाते. शेंदूरजनाघाटची खास ओळख संत्र्याच्या कलमांची आहे. येथील रोपवाटिकांतून कलमे दूरदूरच्या बागायतदारांकडे जातात. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम तयार केले जाते. कुशल कारागीर हे काम इतक्या झपाट्याने करतो की पाहणाऱ्याला चाकूची हालचालही नीट टिपता येत नाही. हे काम पाहणे ही शहरातून येणाऱ्या पाहुण्यासाठी या गावाची सर्वांत वेगळी देणगी ठरू शकते.

कलमे घेण्यासाठी बाहेरगावचे बागायतदार, फळखरेदीच्या हंगामात व्यापारी, लग्नसराईत पाहुणे आणि सणावाराला माहेरी-गावी येणारी कुटुंबे यांची ये-जा अशा गावात असते. त्यामुळे येथील निवास व न्याहारीचा पहिला ग्राहक कॅमेरा घेऊन आलेला पर्यटक असेलच असे नाही. कामासाठी आलेला आणि घरचे जेवण हवे असलेला माणूसही तितकाच महत्त्वाचा असतो. अमरावती व नागपूर ही दोन्ही शहरे सुमारे शंभर किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. अमरावती–नरखेड लोहमार्ग मोर्शी व वरुडवरून जातो.

ऋतुमान

संत्र्याचे दोन मुख्य बहार असतात. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात व फळांची तोडणी पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास होते. मृग बहाराची फुले जून-जुलैत येतात व फळे फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान तयार होतात. बहार धरण्यासाठी झाडांना काही आठवडे पाणी तोडून 'ताण' दिला जातो. पाहुण्याच्या दृष्टीने आंबिया बहाराच्या फुलांचा काळ विशेष मोहक असतो. त्या दिवसांत बागांच्या परिसरात सकाळ-संध्याकाळ फुलांचा दाट वास दरवळतो. तोडणीच्या काळात फळांची प्रतवारी, पेट्या व क्रेट भरणे, वाहनांची वर्दळ असे गावाचे कामाचे रूप दिसते.

हिवाळ्यात ज्वारीचा हुरडा होतो. मात्र कापूस व सोयाबीन यांमुळे वऱ्हाडात ज्वारीखालील क्षेत्र घटल्याने हुरडा पूर्वीइतका सहज मिळत नाही. श्रावण अमावास्येला पोळा आणि भाद्रपदात महालक्ष्म्या हे घराघरांतील मोठे सण येतात. गौरींना विदर्भात महालक्ष्मी म्हणतात. एप्रिल-मेमध्ये उन्हामुळे बाहेरचा प्रवासी जवळजवळ येत नाही. घराची डागडुजी व वर्षभराच्या कुरड्या, पापड, शेवया या वाळवणाचा तो काळ असतो.

वऱ्हाडी न्याहारी

वऱ्हाडातील न्याहारीचे पदार्थ हे या भागातील निवासाचे मोठे आकर्षण आहे. ज्वारीच्या किंवा गव्हाच्या जाडसर पिठाला कांदा-मिरचीच्या फोडणीत परतून केलेली उकरपेंडी, सांजा, पोहे, तसेच भाकरीबरोबर ठेचा किंवा जवसाची चटणी हे सकाळचे नेहमीचे पदार्थ होत. हिवाळ्यात कोथिंबीर भरपूर असते तेव्हा सांबारवडी केली जाते. वऱ्हाडात कोथिंबिरीला 'सांबार' म्हणतात. त्यामुळे या नावावरून दाक्षिणात्य सांबाराची अपेक्षा करणाऱ्या पाहुण्यांचा हमखास गोंधळ उडतो.

जेवणात झुणका, पाटवडीचा रस्सा, गोळ्यांची कढी, डाळभाजी, हिवाळ्यातील वांग्याचे भरीत आणि गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे हे पदार्थ येतात. रोडगे, वरण व वांग्याची भाजी हा बेत अनेकदा नवसाच्या किंवा शेतातील जेवणाचा असतो आणि तो एकट्या-दुकट्यासाठी न होता पंगतीनेच होतो. उन्हाळ्यात आमरसाबरोबर सरगुंडे केले जातात. यांपैकी अनेक पदार्थ हॉटेलांत सहसा मिळत नाहीत. ते घरातच जिवंत आहेत, म्हणून घरात उतरण्याला अर्थ प्राप्त होतो.

परिसर

मोर्शी तालुक्यातील सालबर्डी येथे डोंगरातील गुहेत महादेवाचे स्थान असून महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. मोर्शीजवळ वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण आहे. तिवसा तालुक्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज मोझरी येथील आश्रम आणि रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे वर्धाकाठचे कौंडण्यपूर आहे. सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशातील मुलताई येथे तापी नदीचा उगम मानला जातो. शेंदूरजनाघाट परिसरात मुक्काम केल्यास यांपैकी एखादे ठिकाण दिवसभरात पाहून परतता येते.

अर्थकारण

निवास व न्याहारी हा बहुधा पूरक व्यवसाय असतो. याचे कारण साध्या हिशेबातून समजते. उदाहरणादाखल, एका घरात दोन खोल्या असून एका खोलीचा एका रात्रीचा दर १,२०० रुपये आहे असे मानू. वर्षाला ७३० खोली-रात्री उपलब्ध होतात. त्यांपैकी २० टक्के, म्हणजे १४६ भरल्या, तर १,७५,२०० रुपये जमा होतात. प्रत्येक रात्रीमागे दोघांच्या न्याहारीचे ३०० व धुलाई-सफाईचे १५० रुपये धरल्यास ६५,७०० रुपये खर्च येतो. निम्मी आरक्षणे संकेतस्थळावरून आली व त्यांवर १५ टक्के शुल्क गेले, तर आणखी १३,१४० रुपये कमी होतात. उरलेल्या ९६,३६० रुपयांतून, म्हणजे महिन्याला सुमारे आठ हजारांतून, वीज, रंगरंगोटी, गाद्या-चादरी व कर भागवावे लागतात. घरच्यांच्या श्रमांचे मोल यात धरलेले नाही.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. मोठे कर्ज काढून नवी इमारत बांधल्यास हा व्यवसाय सहसा तोट्यात जातो. रिकाम्या पडलेल्या खोल्या वापरात आणल्यास मात्र तो घराला हातभार लावतो. मुले शिक्षण-नोकरीसाठी बाहेर गेलेली आणि वाड्यात ज्येष्ठ जोडपे उरलेले, अशी घरे वऱ्हाडातील गावोगावी आहेत. पाहुण्यांच्या भाड्यातून अशा वाड्याची कौले शाकारली जातात, भिंती लिंपल्या जातात आणि घर नांदते राहते. ताळेबंदात न दिसणारा हा लाभ अनेकदा रोख रकमेहून मोठा असतो.

संत्रा उत्पादकासाठी या पूरक उत्पन्नाला आणखी एक अर्थ आहे. फळगळ, गारपीट, बाजारभावातील चढउतार आणि नागपुरी संत्र्याचा मुख्य परदेशी ग्राहक असलेल्या बांगलादेशाने वाढविलेले आयातशुल्क यांमुळे बागेचे उत्पन्न अनिश्चित झाले आहे. मुक्कामी पाहुण्याला बागेतील फळे, रस, वाळवणाचे पदार्थ थेट विकता येतात. या विक्रीचे प्रमाण लहान असले तरी तिचा दर उत्पादक स्वतः ठरवितो.

सामाजिक बाजू

पाहुणचार व मोल

पाहुण्याकडून जेवणाचे पैसे घेणे हे ग्रामीण संस्कारात कमीपणाचे मानले जाते. त्यामुळे अनेक कुटुंबांना सुरुवातीची अडचण खोलीची नसून संकोचाची असते. दर आधी लिहून ठेवणे आणि पैसे येण्याच्या वेळीच घेणे, यामुळे हा संकोच कमी होतो. उलट बाजूने, पैसे दिले म्हणजे घर विकत घेतले अशी पाहुण्याची समजूत असल्यास कुटुंबाला मनस्ताप होतो. मद्यपान, रात्रीचा गोंगाट, स्वयंपाकघरात किंवा देवघरात न विचारता जाणे, घरातील माणसांची छायाचित्रे काढणे यांबाबतचे नियम लेखी व स्पष्ट असणे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते.

स्त्रियांचे श्रम

न्याहारी, स्वच्छता, धुणे आणि पाहुण्याची विचारपूस ही कामे बहुतेक घरांत स्त्रियांकडे येतात, तर नोंदणी, बँक खाते व आरक्षण पुरुषाच्या नावावर असते. पाहुणे वाढले की पहाटेचे काम वाढते, पण मिळकतीवरचा हक्क आपोआप वाढत नाही. खोली, प्रमाणपत्र किंवा खाते घरातील स्त्रीच्या नावे असणे, शेजारच्या स्त्रियांना मोबदला देऊन काम वाटून घेणे आणि बचत गटाकडून चटण्या, पापड, शेवया विकत घेणे हे त्यावरील काही मार्ग आहेत. 'आई' धोरणातील सवलती मिळण्यासाठीही व्यवसायाची मालकी स्त्रीकडे असणे गरजेचे ठरते.

प्रवेशाचा प्रश्न

घर खासगी असले तरी भाड्याने दिलेली खोली ही सार्वजनिक सेवा ठरते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) नुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणत्याही नागरिकाला हॉटेले, सार्वजनिक उपाहारगृहे इत्यादी ठिकाणी प्रवेश नाकारता येत नाही. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून धर्मशाळा, सराई वा मुसाफिरखान्याच्या वापरास अटकाव करणे हा गुन्हा आहे. आडनाव विचारून खोली 'भरली' असल्याचे सांगणे हा प्रकार या तत्त्वांच्या विरुद्ध जातो. कुटुंबाला आपल्या घरात शाकाहाराचा नियम ठेवता येतो. तो नियम खाण्यापुरता असतो, माणसाला लागू करता येत नाही. गाडगे महाराजांच्या जिल्ह्यात या भेदाला विशेष महत्त्व आहे.

पाणी व शेजार

वरुड व मोर्शी तालुक्यांत संत्राबागांसाठी विहिरी व कूपनलिकांतून मोठ्या प्रमाणावर उपसा झाल्याने भूजल अतिशोषित मानले जाते. शहरी पाहुण्याचा पाणीवापर गावातील माणसाच्या वापरापेक्षा जास्त असतो, आणि उन्हाळ्यात कूलरलाही पाणी लागते. बादलीने स्नान, छतावरील पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण आणि सांडपाणी परसबागेत वळविणे यांमुळे हा भार कमी करता येतो. शेजाऱ्यांशी संबंधही याच प्रश्नाशी जोडलेले असतात. गल्लीत पाण्याची ओढ असताना एका घरात पाहुण्यांसाठी टाकी भरलेली दिसली, तर कटुता निर्माण होते. याउलट दूध, भाजी, रिक्षा, बागेची फेरी यांचे काम शेजाऱ्यांकडे गेल्यास पाहुणा साऱ्या गल्लीचा होतो.

मर्यादा व टीका

या पद्धतीवर घेतले जाणारे मुख्य आक्षेप असे :

• यजमान घरात न राहता इमारती केवळ भाड्याने देतो, तरीही 'होमस्टे' हे नाव लावतो. त्यामुळे खऱ्या घरगुती निवासांवर अन्याय होतो.
• खोल्यांची मर्यादा ओलांडून घराचे लॉज केले जाते, मात्र अग्निसुरक्षा व स्वच्छतेची हॉटेलांना लागू असलेली बंधने पाळली जात नाहीत.
• पर्यटकांच्या मागणीप्रमाणे न्याहारीतून उकरपेंडी, भाकरी जाऊन सर्वत्र सारखेच पदार्थ येतात व स्थानिकपणा हरवतो.
• शेतीकाम व ग्रामीण जीवन यांचे 'देखावे' उभे केले जातात. तोडणीला आलेल्या मजुरांकडे पाहण्याची वस्तू म्हणून पाहिले जाते.
• कुटुंबाला सुट्टी व खासगीपणा उरत नाही. सण, आजारपण व परीक्षा यांच्या काळात घर पाहुण्यांसाठी बंद ठेवण्याचा निर्णय उत्पन्नामुळे टाळला जातो.

शेवटच्या मुद्द्यावर उपाय म्हणून वर्षातील काही आठवडे आधीच बंद जाहीर करण्याची पद्धत अनेक देशांतील यजमान पाळतात. वऱ्हाडात एप्रिल-मे हा त्यासाठी स्वाभाविक काळ आहे. त्या वेळी बाहेरचा पाहुणा कमी असतो आणि घरचीच मुले-नातवंडे त्या खोल्यांत उतरतात.

हेही पाहा

• कृषी पर्यटन
• महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ
• धर्मशाळा
• गाडगे महाराज
• शेंदूरजनाघाट
• नागपुरी संत्रा
• वऱ्हाडी खाद्यसंस्कृती
• चिखलदरा